अंगकोर : मालकी राजाची, वहिवाट रयतेची

"जगातले सर्वात मोठे हिंदू मंदिर पाहायला निघालात, अभिनंदन!" आम्ही कंबोडियाला निघण्याच्या आदल्या दिवशी बाररूममधल्या एका मित्राने हा निरोप मोबाइलवर पाठवला. सोबत अंगकोर वाटच्या सूर्योदयाचे छायाचित्र आणि भगव्या अक्षरांत 'गर्व' होता. आम्ही उत्तर दिले नाही. प्रतिपक्षाचा दावा नीट वाचल्याशिवाय आणि जागेची पाहणी केल्याशिवाय कैफियत दाखल करायची नाही, हे वकिलीतले आमचे पथ्य आहे. आता पाहणी झाली आहे. ही त्याची कैफियत.

आम्ही नऊ जण होतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले दोघे, एक परिचारिका आणि वस्तीतल्या महिला मंडळाच्या मावशी. मावशींचे वय अडुसष्ट. बहात्तरच्या दुष्काळात पंधरा वर्षांच्या असताना त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. सियाम रीपला उतरलो तेव्हा गाइडने सांगितले की, 'अंगकोर' म्हणजे आपलाच 'नगर' शब्द आणि या राजधानीचे जुने नाव यशोधरपूर. ते ऐकताच आमच्यातल्या एका उपासिकेचे डोळे पाणावले. राहुलमाता यशोधरेचे नाव एवढ्या मोठ्या नगरीला! पण नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मन नावाच्या राजाने ही नगरी वसवली आणि तिला स्वतःचे नाव दिले, एवढाच त्याचा अर्थ आहे. वाचकहो, पहिला धडा तिथेच मिळाला. नुसत्या नावावर भाळायचे नाही, पुरावा पाहायचा.

आता पुरावाच पाहू. निशाणी क्रमांक एक, स्दोक काक थोमचा शिलालेख. अकराव्या शतकाच्या मध्याचा हा लेख आज बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इ. स. 802 मध्ये दुसरा जयवर्मन कुलेन डोंगरावर सार्वभौम राजा झाला, त्या घटनेची कहाणी हा लेख सांगतो. हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने राजासाठी 'देवराज' विधी केला, तो शिवकैवल्य नावाच्या पुरोहिताला शिकवला आणि पुढे हा विधी शिवकैवल्याच्याच घराण्याने करायचा, दुसऱ्या कुणी नाही, असे ठरले. ब्राह्मणाने राजाला देवत्व द्यायचे आणि राजाने ब्राह्मणाला पिढीजात वतन द्यायचे. हा करार आपण कुठे पाहिला आहे, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हजारो कोस समुद्र ओलांडून गेल्यावरही वतन हे वतनच राहिले!

निशाणी दोन, खुद्द अंगकोर वाट. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने ते विष्णूचे देवालय म्हणून बांधले. हे आम्ही मान्य करतो, कारण खरे नाकारून चळवळ मोठी होत नाही. भोवतालचा खंदक सुमारे 190 मीटर रुंद आहे. भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध आहे, समुद्रमंथन आहे. दक्षिणेकडच्या दालनात छत्र्यांखाली बसलेला राजा आहे आणि त्याचे ब्राह्मणही आहेत. त्याच बाजूला यमाचा न्यायनिवाडा कोरलेला आहे, 37 स्वर्ग आणि 32 नरक. राजा आणि त्याची दरबारी मंडळी वरच्या ओळीत पालखीत चाललेली दिसतात आणि नरकात लोटल्या जाणाऱ्या देहांची रांग खालच्या ओळीत दिसते. कोर्टात उभ्या हयातीत आम्ही हीच रचना पाहत आलो आहोत, म्हणून फारसे आश्चर्य वाटले नाही.

गाइड कोरीव कामाची स्तुती करत होता. मावशी मात्र एका चिऱ्यापाशी थांबल्या होत्या. त्यात बोट जाईल एवढी गोल भोके होती. "ही कशाला?" त्यांनी विचारले. गाइड म्हणाला, दगड कुलेन डोंगरातून कालव्यांच्या वाटेने आणला जाई. भोकांत लाकडी खुंट्या ठोकून, दोर बांधून तो उचलत. मावशींनी भोकात बोट घालून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे उचलायला माणसंच." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या मते त्या दिवशी अंगकोरचा सर्वात अचूक इतिहास त्यांनीच सांगितला.

ही माणसे कोण होती? प्राचीन ख्मेर शिलालेखांत देवळांना दान दिलेल्या दासदासींच्या लांबच लांब याद्या आहेत, नावांसह. आणि त्यांतली काही नावे कशी आहेत? कुत्रा, मांजर, दुर्गंधी, किळसवाणा! मनुस्मृतीने शूद्राचे नाव तुच्छतादर्शक ठेवावे अशी आज्ञा केली आहे. आपल्या आज्यापणज्यांची कचरू, धोंडू, दगडू ही नावे आठवा. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन केले, त्या ग्रंथाची जातकुळी ओळखायला संस्कृत यावे लागत नाही, या याद्या पुरेशा आहेत. कंबोडियात आपल्यासारखी जातिव्यवस्था रुजली नाही, हे खरे. पण जात रुजली नाही म्हणून गुलामी नव्हती असे कुणी समजू नये. त्या याद्यांत दासासाठी जो शब्द आहे, त्यापासूनच आजच्या ख्मेर भाषेतला 'ख्न्योम' शब्द आला. त्याचा आजचा अर्थ आहे 'मी'. आज त्या देशातला प्रत्येक माणूस, मंत्री असो की रिक्षावाला, नम्रपणे 'मी' म्हणतो तेव्हा हजार वर्षांपूर्वीच्या गुलामाचा शब्द उच्चारतो. राजांच्या पदव्या शिलालेखांत पडून राहिल्या आणि गुलामाचा शब्द साऱ्या देशाचा 'मी' झाला.

आता आपल्या बाजूचा साक्षीदार बोलावू. 1177 मध्ये चाम सैन्याने राजधानी लुटली. त्यानंतर 1181 मध्ये सातवा जयवर्मन गादीवर आला. तो महायानी बौद्ध होता. अंगकोर थोमची तटबंदी त्याची, मध्यभागी असलेले, प्रचंड शांत चेहऱ्यांचे बायोन त्याचे. बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर बाजारात माल विकणाऱ्या बाया आहेत, स्वयंपाक आहे, कोंबड्यांची झुंज आहे, बाळंतीण आहे. सामान्य माणसाला भिंतीवर जागा मिळाली, हे पाहून आमच्या मंडळींना खूप समाधान वाटले. या राजाने राज्यभर 102 रुग्णालये चालवली. लाओसमधील साय फोंग येथे सापडलेला त्याचा रुग्णालयाचा शिलालेख सांगतो की, इथे चारही वर्णांवर उपचार होतील. प्रजेचे दुखणे हे राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक दुखते, अशी भावनाही त्यात व्यक्त झाली आहे. आमच्या सोबतच्या परिचारिका ताईंनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतले. त्याची राणी इंद्रदेवी ही विदुषी होती. बौद्ध विहारात ती स्त्रियांना शिकवत असे आणि फिमेअनकासचा संस्कृत शिलालेख तिने स्वतः रचला. ज्या भाषेतला वेद ऐकला तर शूद्राच्या कानात शिसे ओतायची शिक्षा आपल्याकडच्या शास्त्राने सांगितली, त्या भाषेत बाराव्या-तेराव्या शतकात एक बौद्ध स्त्री लेख रचत होती आणि दुसऱ्या स्त्रियांना शिकवत होती!

इथे थांबून घोषणा दिली असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण साक्षीदार आपला आहे म्हणून त्याची उलटतपासणी टाळायची, हा धम्माचा मार्ग नाही. याच राजाने 1186 मध्ये आपल्या आईच्या नावे ता प्रोम हे देवालय प्रज्ञापारमितेला अर्पण केले. तिथला शिलालेख स्वतःच हिशेब देतो. त्या एका देवालयाच्या सेवेला 3,140 गावे आणि 79,365 माणसे लावली होती. प्रज्ञापारमितेच्या सेवेला ऐंशी हजार माणसे! तांदूळ पिकवायला, दूधतूप पुरवायला, नाचायला, झाडायला. मूर्ती विष्णूची असो की बोधिसत्त्वाची, खाली वाकलेली पाठ तीच होती. हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. लपवायला मात्र वाटली असती.

आणि राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या या वैभवाचे पुढे काय झाले? प्रेआ खान आणि ता प्रोमच्या भिंतींवर ओळीने रिकामे कोनाडे दिसतात. जवळ जाऊन पाहिले की कळते, ते रिकामे नव्हते. आत ध्यानस्थ बुद्ध होते, त्यांना छिन्नीने खरवडून काढले आहे. कुठे बुद्धाच्या जागी लिंग कोरले आहे, कुठे बुद्धाला दाढी देऊन ऋषी बनवले आहे. बहुतेक अभ्यासक ही तोडफोड तेराव्या शतकातील शैव राजा आठव्या जयवर्मनच्या काळातली मानतात. काहींचे मत वेगळे आहे. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण गुन्हा घडला याविषयी संशय नाही. प्रेत हजर आहे. बायोनच्या मुख्य गाभाऱ्यातली सुमारे 3.6 मीटर उंचीची, नागाच्या वेटोळ्यावर बसलेली बुद्धमूर्ती फोडून विहिरीसारख्या खड्ड्यात टाकली होती. 1933 मध्ये तिचे तुकडे सापडले, ते जोडले, आज ती मूर्ती अंगकोर थोममध्येच एका साध्या छपराखाली बसली आहे. 2001 मध्ये बांते क्देई येथे जपानच्या सोफिया विद्यापीठाच्या पथकाला जमिनीत पुरलेल्या 274 बुद्धमूर्ती सापडल्या. कार्ले लेणीच्या दारात कोणते देऊळ उभे आहे आणि नाशिकच्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' कोण म्हणू लागले, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या कोनाड्यांपुढे उभे राहताना काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

पण आमच्या दृष्टीने सर्वात मोलाची साक्ष त्यानंतरची आहे आणि ती ना बौद्ध राजाची आहे, ना शैव राजाची. 1296 मध्ये चिनी दूतमंडळाबरोबर चौ ता-कुआन नावाचा माणूस इथे आला, सुमारे वर्षभर राहिला आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले. तो सांगतो, सधन घरांत शंभराहून अधिक गुलाम असतात, अगदी गरिबाकडेच तेवढा गुलाम नसतो. हे गुलाम डोंगरातून पकडून आणलेले. त्यांनी घराखालीच झोपायचे. कामासाठी वर यावे लागले तर आधी गुडघे टेकून, हात जोडून नमस्कार करायचा. त्यांच्या जमातीचे नाव शहरात शिवी म्हणून वापरले जाई. भांडणात कुणाला त्या नावाने हाक मारली तर तो जन्माचा वैरी होई, कारण त्या लोकांना माणसातच गणत नसत. बंधुभगिनींनो, जातीचे नाव शिवी म्हणून ऐकण्याचा अनुभव आपल्याला कुणी चिनी प्रवाशाने सांगायला हवा का? त्याच वाटेवरच्या गुन्ह्यांसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला आणि त्यातले खटले आम्ही आजही चालवतो आहोत.

हाच चौ ता-कुआन आणखी एक दृश्य सांगतो. डोके मुंडलेले, पिवळे वस्त्र नेसलेले, उजवा खांदा उघडा ठेवणारे, अनवाणी चालणारे भिक्खू त्याने पाहिले. त्यांच्या विहारात शाक्यमुनींची एकच मूर्ती असे. आणि शिकायचे असलेले मूल याच भिक्खूंकडे जाई, मोठे झाले की घरी परत येई. राजवाड्यात छिन्नीचे राजकारण चालले होते, तेव्हा गावात हे अनवाणी भिक्खू मुलांना अक्षरे शिकवत होते! दगडाचे एकही मोठे देवालय नसलेला हा थेरवाद टिकला. जयवर्मनचा दगडी महायान मात्र त्याच्यामागे शंभर वर्षेही उभा राहू शकला नाही.

1431 च्या सुमारास अयुथ्थयाच्या सैन्याने राजधानी घेतली आणि पुढे राजे दक्षिणेकडे निघून गेले. राजे गेले, भिक्खू राहिले. विष्णूचे अंगकोर वाट बुद्धविहार झाले आणि ते आजतागायत आहे. 1632 मध्ये जपानहून आलेल्या उकोंदायू काझुफुसा नावाच्या यात्रेकरूने तिथे बुद्धमूर्ती अर्पण करून खांबावर तसा लेख लिहिला. त्या काळचे जपानी लोक अंगकोर वाटलाच जेतवन समजत. 1860 मध्ये फ्रेंच प्रवासी मूहो आला आणि जगाने ठरवले की, त्याने जंगलात 'हरवलेले शहर' शोधले. अहो, ज्या जागी रोज दिवा लागतो, ती जागा हरवलेली कशी? आम्ही कायद्याच्या भाषेत एवढेच म्हणू की, मालकीचा कागद राजाच्या नावे असेल, पण अखंड वहिवाट रयतेची आहे. 'हिंदू मंदिर की बौद्ध मंदिर' या वादाचे आमचे उत्तर हेच आहे. बांधताना विष्णूचे, नांदताना बुद्धाचे आणि दगड वाहणाऱ्यांचे पहिल्यापासून.

या वहिवाटीवर सर्वात क्रूर घाव 1975 ते 1979 या काळात पडला. पोल पोटच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. आणि या राजवटीच्या झेंड्यावर कोणते चित्र होते? अंगकोर वाटचे! दगडाचा अभिमान आणि माणसाचा द्वेष एकाच झेंड्यावर नांदू शकतात, हे ध्यानात ठेवा. त्यातून धम्म पुन्हा उभा राहिला तो कोणत्या राजाने नव्हे, तर बिहारच्या नालंदा येथे शिकलेल्या महाघोषानंद नावाच्या भिक्खूसारख्यांनी उभा केला. थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी बांबूचे विहार उभारले, मैत्रीचे सुत्त कागदावर छापून वाटले. 1992 पासून त्यांनी सुरुंगांनी भरलेल्या प्रदेशातून धम्मयात्रा काढल्या. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले. अंगकोरचे खरे शिखर आम्हाला त्या बांबूच्या विहारात दिसते.

आता वर्तमानाकडे येऊ, कारण गुलामांची यादी अजून संपलेली नाही. 1992 मध्ये अंगकोर जागतिक वारसा झाले. 2022 पासून कंबोडिया सरकारने या परिसरातली सुमारे दहा हजार कुटुंबे हलवण्याची मोहीम घेतली. रुन ता एक या नव्या वसाहतीत 20 बाय 30 मीटरचा भूखंड, पत्रे आणि थोडी रोकड देऊन लोकांना पाठवले. सरकार म्हणते, सारे स्वेच्छेने गेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल म्हणतो, लोकांवर दबाव होता, हे सक्तीचे विस्थापन आहे. युनेस्को म्हणते, आम्ही असे करायला कधीच सांगितले नव्हते. तिघांचेही जबाब वाचल्यावर आमचा प्रश्न साधा आहे. देवळाच्या सावलीत बोरे-नारळ विकणारी, रोज विहारात भिक्षा घालणारी बाई वारशाला धोका कशी ठरते? 1993 च्या राज्यघटनेने त्या देशात बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म आहे. पण राज्याच्या धर्माने त्या बाईचे घर वाचवले नाही. म्हणूनच आम्ही बौद्ध असूनही बाबासाहेबांच्या धर्मनिरपेक्ष संविधानाच्या बाजूने उभे आहोत. माणसाचे रक्षण हक्क करतात, झेंड्यावरचे चित्र करत नाही. मुंबई-नागपूरच्या झोपडपट्ट्यांवर बुलडोझर येतो तेव्हा कागद मागणारे हे राज्य तिथेही तेच आणि इथेही तेच.

मग आपण इथून काय घेऊन परतायचे? पहिली गोष्ट बुद्धगयेची. 1949 च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी अध्यक्ष अशी रचना केली. ती बदलण्यासाठी 2025 च्या फेब्रुवारीपासून भिक्खूंनी उपोषण-धरण्याचा मार्ग धरला. विष्णूसाठी बांधलेल्या अंगकोर वाटमध्ये आज भिक्खू निर्वेध नांदतात आणि तथागतांना जिथे संबोधी प्राप्त झाली त्या भूमीत बौद्धांना निम्मी जागा! ही मागणी न्याय्य आहे आणि ती कायद्याच्या मार्गाने शेवटपर्यंत लढली पाहिजे.

पण दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे आणि ती अधिक बोचरी आहे. आपल्या किती वस्त्यांतली बुद्धविहारे 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडला तर कुलूपबंद असतात? संगमरवराची फरशी, विदेशातून आणलेली मूर्ती, देणगीदारांच्या नावांची पाटी, सारे आहे. आत शिकणारे मूल नाही. सातव्या जयवर्मनने यापेक्षा कितीतरी मोठे बांधले होते आणि ते एका छिन्नीपुढे टिकले नाही. टिकले ते अनवाणी भिक्खूपुढे पाटी घेऊन बसलेले मूल. स्मारके जरूर उभारा, त्यांच्यासाठी भांडायला आम्ही काळा कोट घालून पुढे असू. पण प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका, आठवड्यातून एकदा कायद्याचा सल्ला आणि महिन्यातून एकदा आरोग्य तपासणी, एवढे तरी सुरू करा. 102 रुग्णालयांचा वारसा सांगायचा असेल तर निदान एक दवाखाना चालवून दाखवला पाहिजे.

परतताना विमानतळावर मावशी म्हणाल्या, "आपल्या विहाराची किल्ली अध्यक्षांकडं असते ना? गेल्यावर मागून घेते." परत आल्यावर त्यांनी ती खरोखरच मागून घेतली. सध्या तिथे रोज संध्याकाळी चौदा मुले बसतात. बाररूममधल्या मित्राला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. हा लेख त्याला पाठवत आहोत.

जय भीम!